अठरा फुटांचं छत आणि सासूबाई

मी वाढले ती कोथरूडच्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तिथलं छत इतकं खाली होतं की माझा उंच मामा आला की आधी पंखा बंद करायचा आणि मग त्याला स्वेटर काढू द्यायचा, असा आमच्या घरचा नियम होता. त्यामुळे लग्न होऊन मी मुळशीत आले आणि बऱ्याच वर्षांनी कासार आंबोलीत आमच्याच जागेत नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी एकच हट्ट धरला. हॉलला दोन्हीकडे उतरतं छत हवं, मधोमध उंच, मान मागे टाकून बघावं लागेल असं. आसपास पुण्या-मुंबईच्या लोकांनी सुट्टीसाठी बांधलेले बंगले आहेत. त्यातल्या एकात मी तसलं छत पाहिलं होतं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं.

"येवढं उंच कशाला? आपल्याला काय गोडाऊन करायचंय?" असं नवरा म्हणाला. तो पिरंगुटच्या कारखान्यात आहे, त्याला उंच छत म्हटलं की शेडच आठवते. पण मी एकदा हट्टाला पेटले की शहाणा माणूस बाजूला होतो, आणि माझा नवरा शहाणा आहे. छत झालं. मध्यावर बरोबर अठरा फूट.

येणारा प्रत्येक पाहुणा उंबऱ्यातच थांबून वर बघायचा आणि "लई भारी" म्हणायचा. मी शेजारी अशी उभी राहायची, जणू स्लॅब मीच डोक्यावर घेऊन चढवला होता. मग हळूहळू छताचे गुण कळायला लागले. जळमटं काढायची काठी तिथवर पोचेना. पंख्याची दांडी एवढी लांब की पंखा सुरू झाला की झुलायला लागायचा. कुकरची शिट्टी एकदा झाली की वरून परत ऐकू यायची, आणि मी डाळीच्या तीन शिट्ट्या मोजायच्या त्या सहा मोजायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं गाऱ्हाणंही नसतं.

एकच माणूस छताकडे बघून काही बोललं नाही. माझ्या सासूबाई.

त्या मागच्या अंगणापलीकडे, जुन्या घराच्या राखून ठेवलेल्या दोन खोल्यांत राहायच्या. कौलारू, शेणानं सारवलेल्या, आरशासारख्या लख्ख. वास्तुशांतीला त्या नव्या घरात आल्या, एक रात्र हॉलमध्ये झोपल्या आणि सकाळी अंथरुणाची वळकटी काखेत मारून निघाल्या.

"आई, काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. माझं तितंच बरं हाय."

मला ते झोंबलं. मी शहरातली, मी ठरवलेलं घर, म्हणून यांना पटत नाही, असा मी अर्थ काढला आणि तो पक्का धरून बसले. तीन वर्षं आमचं असंच चाललं. भांडण नाही, पण गोडवाही नाही. मी ताट झाकून पाठवायची, आणि ताट कधी रिकामं परत यायचं नाही. कधी दोन लिंबं, कधी मूठभर चाकवत, कधी नुसती चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून. त्या रीत पाळत होत्या, मी राग पाळत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्या मागच्या अंगणातल्या शेवाळावर घसरल्या. मी घरात मिक्सर लावला होता, वर पाऊस. त्यांनी हाका मारल्या असणार. मी ताट घेऊन गेले तेव्हा त्या तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसलेल्या होत्या, नखशिखांत भिजलेल्या, आणि डावा हात मनगटातून भलतीकडेच वळलेला. किती वेळ झाला विचारलं तर म्हणाल्या, "गाई सोडल्या तवा पडले." गाई सोडून अर्धा-पाऊण तास उलटला होता.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की पुढचा पावसाळा लागायच्या आत यांना आपल्या छताखाली आणायचं. रोजचं, कायमचं. रुसवेफुगवे गेले खड्ड्यात.

प्लास्टर होतं तोवर डॉक्टरांनीच एकटं राहायला मनाई केली होती, म्हणून त्या नाइलाजानं आमच्याकडे आल्या. आतली खोली देत होते, पण त्यांना दार दिसेल तिथंच निजायची सवय. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात पलंग लावला. तिसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी भरायला उठले तर पलंग रिकामा. मी धावत दाराशी गेले. दार आतून बंद. मग दिसलं, जेवणाच्या टेबलाखालून त्यांची पावलं बाहेर आलेली. त्या टेबलाखाली चटई टाकून गाढ झोपल्या होत्या, प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवून.

त्या उठल्यावर मी कपाळाला हात लावला. "अहो आई, टेबलाखाली? कुणी बघितलं तर काय म्हणेल? सुनेनं सासूला टेबलाखाली घातलं."

"कोण बघतंय? आन् बघितलंच तर सांग, म्हातारीची हौस."

"पण का?"

 त्यांनी वर बोट केलं. "आडवं पडलं की वर कायबी न्हाई. माळावर निजल्यागत वाटतंया. तितं कसं, वासं हायेत. धा हिकडं, धा तिकडं, मधी दांडी. मोजता मोजता डोळा लागतो."

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. या बाईनं लग्न होऊन आल्यापासून ते रोज मोजले होते, आणि त्याशिवाय तिला झोप येत नव्हती. तीन वर्षं मी ज्याला माझ्यावरचा राग समजत होते ती साधी भीती होती. मला हलकं वाटलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच. प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी त्या मागे निघून गेल्या. मी अडवलं नाही. आधी छताचं बघायला हवं होतं.

नवऱ्यानं उपाय एका वाक्यात सांगितला. "धा फुटावर पीओपी मारू, सपाट. विषय मिटला."

मला ते करवेना. खरं तेच सांगते, मला सासूबाई हव्या होत्या आणि छतही हवं होतं. सकाळी पूर्वेच्या उंच झरोक्यातून उजेडाचा पट्टा आत येतो आणि दहा वाजेपर्यंत भिंतीवरून खाली सरकतो. चहा घेताना मी तो बघत बसते. 

मग मी मोबाईलला शरण गेले. उंच छतासाठी सजावटीच्या कल्पना, बघाव्यात तेवढ्या थोड्या. त्यातली एक पटली. छताला गडद रंग दिला की ते खाली आल्यासारखं दिसतं म्हणे. गणपती झाल्यावर रंगारी लावला, परांची बांधली आणि छत कॉफीच्या रंगाचं करून घेतलं. सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी बराच वेळ वर बघितलं.

"आदी वर पांढरं तरी व्हतं," त्या म्हणाल्या. "आता वर हाय का न्हाई त्येच कळंना."

बघितलं तर खरंच होतं. संध्याकाळी दिवे लावले की छत नाहीसंच व्हायचं. पुन्हा परांची, पुन्हा पांढरा रंग. नवऱ्यानं फक्त रंगाचे रिकामे डबे माझ्या डोळ्यांसमोर येतील असे रचून ठेवले.

त्यानंतर बंगल्यांची सजावट करून देणारी एक बाई मी बोलावली. तिनं येऊन टाळ्या वाजवून आवाज तपासला, फोटो काढले आणि म्हणाली, "ही हाईट तर तुमचा प्लस पॉइंट आहे, आपण वुडन बीम्सचा लूक देऊ." पुढच्या वेळी ती नमुना घेऊन आली. हातभर लांबीचा वासा, अगदी सागवानी, गाठीसुद्धा दिसत होत्या. मी खूश. दहा हिकडं, दहा तिकडं, मध्ये एक, असं मी तिला सांगूनही टाकलं. सासूबाईंनी तो वासा हातात घेतला, आणि सागवानाचं वजन धरून उचलल्यामुळे तो हातातून जवळजवळ उडालाच, इतका हलका होता. त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. कानाशी नेला.

"आत कायच न्हाई गं."

"फोमचा असतो, आजी. नुसता दिसायला," ती बाई म्हणाली.

"बडा घर पोकळ वासा," असं म्हणून सासूबाईंनी तो तिला परत दिला, आणि स्वतःच हसायला लागल्या. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले. ती बाई पुन्हा आली नाही.

एवढं झाल्यावर मला स्वतःचं डोकं चालवायची बुद्धी झाली. त्यांच्या खोलीत वाशांच्या खाली दोरीनं टांगलेली एक बांबूची दांडी आहे, तिच्यावर वाकळ, लुगडी, काय काय पडलेलं असतं. तसे पाच-सहा बांबू त्यांच्या पलंगाच्या कोपऱ्यावर आडवे टांगले तर? कोपरा खालचा होईल, बाकी छत माझं मला राहील. नवऱ्याला दिवाळीची सुट्टी होती आणि आमच्या बांधावर बांबूचं बेट आहे. डोंगरावरच्या वाडीतला एक म्हातारा गडी आमच्याकडे भातकापणीला येतो, त्याला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं.

तो बेटापाशी कोयता घेऊन नुसता उभा राहिला. "बाय, चांदणं चढतंया अजून. अवसेकडं बगू की."

"मला बांबू हवेत, चांदणं नकोय," मी म्हणाले. अगदी याच शब्दांत. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. नवऱ्याची सुट्टी दोन दिवसांत संपणार होती आणि मला काम उरकायचं होतं. मग त्या गड्यानं बांबू तोडले, तासले, आठवड्याभरात टांगलेही. दिसत होते सुरेख. मी एकाला दोन कंदीलवजा दिवे लावले आणि फोटो काढून बहिणीला पाठवले. सासूबाई येऊन बघून गेल्या. "चांगलं दिसतंया," म्हणाल्या. राहता का विचारलं तर "बघू."

हा "बघू" संक्रांतीपर्यंत चालला. संक्रांतीला वाणासाठी बायका आल्या. मी त्या कोपऱ्यात तिळगुळाचं ताट ठेवलं होतं. परत येऊन बघते तर लाडवांवर पिवळट पिठी. बोट फिरवलं, पलंगावर पिठी, उशीवर पिठी. सगळ्या गप्प झाल्या तेव्हा वरून बारीक कुरकुर ऐकू आली. बांबूला भुंगा लागला होता. सहाच्या सहा.

बायका गेल्यावर सासूबाईंनी ती पिठी चिमटीत घेऊन चोळली. "चांदण्यात तोडला ना. चांदण्यात बांबूत गोडी भरती, मग भुंगा सोडतोय व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बांधावर तोडत व्हता, मला पडवीतनं दिसत व्हतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इच्यारलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "तुला समदं मोबाईल सांगतोय. मला वाटलं ह्येबी सांगितलं आसंल."

मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी जरा जास्तच आपटली. इतका संताप झाला होता. तीन महिन्यांची मेहनत या बाईनं डोळ्यांदेखत वाया जाऊ दिली, असं मी मनातल्या मनात घोकत होते. पण भांडी संपली तसं बाकीचंही डोळ्यांपुढे यायला लागलं. रंग मी ठरवला होता. वासे मी ठरवले होते. कोपरा, बांबू, उंची, सगळं मीच. ज्यांच्या झोपेसाठी हा सगळा खटाटोप, त्यांना मी दर वेळी झाल्यावर दाखवायला आणलं होतं. त्या गड्याला तर मी तोडूनच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पडवीत जाऊन बसले. सोपं नव्हतं ते, निदान माझ्यासारखीला नव्हतं. "आई, आता कसं करायचं? तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आदी ती समदी काढ आन् चुलीत घाल. न्हाईतर दारं-खिडक्याबी खातील."

तिथून पुढं मी फक्त हाताखालची. त्यांनी महाशिवरात्रीनंतरची अवस सांगितली. त्या दिवशी त्या स्वतः काठी टेकत बांधावर आल्या. वाडीतल्या त्या गड्याला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, तेव्हा तुमचं ऐकायला हवं होतं." तो हसून म्हणाला, "जाऊंद्या बाय, बांबू काय, परत येतोय." मग ते दोघं म्हातारे बेटाभोवती फिरले, एकेका बांबूवर काठी वाजवून आवाज ऐकला, कोवळा सोडला, जून घेतला. मी मागे मागे. तोडलेले बांबू ओढ्याच्या डोहात बुडवले, वर धोंडे ठेवले. "तीन आठवडं," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडावर "एवढे?" आलं होतं, ते मी गिळलं.

त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघी रोज सकाळी ओढ्यावर जायचो. त्यांना डोह बघायचा असायचा आणि उतारावर माझा हात धरावा लागायचा. कुजक्या पाण्याचा वास इतका यायचा की मी नाकाला ओढणी लावायची. त्या मला हसायच्या. "शहरातलं नाक," म्हणायच्या. या वाटेवर त्यांनी मला सांगितलं की लग्न होऊन आल्या तेव्हा त्या वर्षभर रात्री रडायच्या, आवाज न करता, आणि रडू थांबावं म्हणूनच वासे मोजायची सवय लागली. मी त्यांना मामाच्या स्वेटरची गोष्ट सांगितली. त्या वाटेतच थांबून हसल्या. "म्हंजी तू डोस्कं आपटून आपटून हितं आलीस व्हय," म्हणाल्या. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना यातलं काही सांगितलं नव्हतं.

बांबू निघाले, गोठ्याच्या सावलीत उभे करून महिनाभर वाळले. वैशाखात टांगायला घेतले. नवरा शिडीवर, मी दोरी धरून, आणि सासूबाई पलंगावर सरळ उताण्या पडून.

"खाली घे. आजून. आजून."

"आये, डोस्क्याला लागंल की," नवरा म्हणाला.

"हात वर केला की लागाय नको, काठी वर केली की लागाय पायजे. घे खाली."

मी आठ फूट धरून चालले होते, त्यांनी साडेसातावर थांबवलं. एकूण दहा बांबू, वीतभर अंतरानं, फक्त त्या एका कोपऱ्यावर. बाकी हॉल जसाच्या तसा अठरा फूट. कडेच्या बांबूला मी माझे दिवे टांगले. त्यांनी मधल्यांना बियाण्याची मक्याची कणसं, वाळलेली दोन घोसाळी आणि एक दुधी अडकवला. सजावटवाल्या बाईनं बघितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे. मला मात्र तो कोपरा सोडून दुसरीकडे बघवेना.

आणि तरी त्या राहिल्या नाहीत. दुपारी यायच्या, पलंगावर आडव्या व्हायच्या, डोळे वर लावून ओठ हलवायच्या, तासभर झोपायच्याही. दिवेलागणीला उठून मागे जायच्या, देवापाशी दिवा लावायच्या आणि तिकडेच निजायच्या. आठवडा गेला. दुपारनंतर ढग जमायला लागले होते, मागच्या अंगणात पहिलं शेवाळ धरायला फार दिवस उरले नव्हते. विचारायला जीव तुटत होता. नवऱ्याला मी म्हणाले, मी आता विचारणार नाही, मी सांगून बघितलंय, करून बघितलंय, आता त्यांचं त्या ठरवतील. असं म्हणाले खरी, पण रोज संध्याकाळी त्यांची पाठ अंगणातून जाताना बघून मला वाईट वाटायचं.

एका गुरुवारी दिवेलागण झाली तरी त्या उठल्या नाहीत. मी कणीक मळत होते. जाग्या होत्या, नजर वरच होती.

"आई, वेळ झाली," मी म्हणाले. "सोडायला येऊ का अंगणातून?"

"माझ्या मनगटात आता जोर न्हाई ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "तूच जा. हातपाय धुवून जा. तितलं देव ताम्हनात घे आन् हिकडं आण. एकबी ऱ्हाता कामा नये."

 मी कणकेच्या हातानं तशीच उभी राहिले.

"आन् येताना कडी लाव तितली."

मी हात धुतले, पाय धुतले. त्यांच्या खोलीत गेले तेव्हा आत अजून थोडा उजेड होता. देव एकेक करून ताम्हनात घेतले, दोनदा मोजले, ओढणीच्या पदरानं झाकले. बाहेर येऊन कडी लावली. अंगणात मला रडू आलं आणि ताम्हन दोन्ही हातांत असल्यामुळे डोळे पुसता येईनात, तशीच आले.

हॉलमध्ये त्या पलंगावरून उठून खाली बसल्या होत्या. बांबूंच्या खाली, भिंतीशी त्यांनी पाट मांडून ठेवला होता आणि त्यावर माझंच एक धुतलेलं ब्लाऊजपीस अंथरलं होतं.